वृत्तपत्र प्रकाशकांची राष्ट्रीय संघटना: उधारी, कागद आणि एका सुरात बोलण्याची अडचण

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: वडिलांच्या पश्चात जिल्ह्याच्या ठिकाणचे मराठी दैनिक आपल्या हाती आले आहे, खप सुमारे १८ हजार आहे, मुंबईच्या एका जाहिरात एजन्सीकडे आठ महिन्यांची बिले अडकली आहेत आणि कोणीतरी आपल्याला ‘आयएनएसचे सदस्य व्हा’ असा सल्ला दिला आहे. ही संस्था नेमके काय करते, तिचा आपल्याला उपयोग काय आणि ती साऱ्या वृत्तपत्रांची आहे की चार बड्या समूहांची, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. मराठी दैनिकांच्या जाहिरात आणि व्यवस्थापन विभागांत मी तीस वर्षांहून अधिक काळ काम केले असून त्यातली काही वर्षे संस्थेच्या बैठकांनाही जात होतो. त्यामुळे उत्तर थोडे लांबेल आणि त्यात काही ठिकाणी माझे मतही येईल.

इंडियन न्यूजपेपर सोसायटी, म्हणजे आपण ज्या संस्थेला आयएनएस म्हणतो ती, २७ फेब्रुवारी १९३९ रोजी स्थापन झाली. तेव्हा तिचे नाव इंडियन अँड ईस्टर्न न्यूजपेपर सोसायटी असे होते आणि जुने जाहिरात व्यवस्थापक अजूनही बोलताना ‘आयईएनएस’ म्हणून जातात. मुख्यालय नवी दिल्लीत रफी मार्गावर, संसदेपासून हाकेच्या अंतरावर आहे, आणि प्रादेशिक वृत्तपत्रांची दिल्ली कार्यालये याच इमारतीत असल्यामुळे अनेकांना ती संस्था म्हणजे पत्रकारांचा अड्डाच वाटते. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील आयएनएस टॉवर्सचे उद्घाटन जुलै २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते झाले. सदस्य असते ते प्रकाशन, व्यक्ती नव्हे. अध्यक्ष दरवर्षी बदलतो आणि कार्यकारी समितीत इंग्रजी व भाषिक पत्रे, दैनिके व नियतकालिके यांचे प्रतिनिधी असतात.

येथे एक गैरसमज आधीच दूर केला पाहिजे, कारण आपल्या प्रश्नातही तो डोकावतो. ही मालकांची, म्हणजे प्रकाशन चालवणाऱ्या आस्थापनांची संघटना आहे. बातमीविरुद्धची तक्रार ऐकणारी प्रेस कौन्सिल ही कायद्याने स्थापन झालेली वेगळी संस्था आहे. शीर्षकाची नोंदणी करते ते प्रेस रजिस्ट्रार जनरल यांचे कार्यालय, ज्याला २०२३ चा नवा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू होण्याआधी आपण आरएनआय म्हणत असू. खपाचा दाखला देते ती ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स ही १९४८ पासूनची संस्था, जिच्यात प्रकाशकांबरोबर जाहिरातदार आणि एजन्सीही बसतात. आयएनएसचे लोक यांतील काही ठिकाणी प्रतिनिधी म्हणून असतात, पण यांपैकी एकही अधिकार तिच्याकडे नाही. संस्थेचे सदस्यत्व मिळाले म्हणजे आपल्या वृत्तपत्राला सरकारी जाहिराती मिळतील, किंवा आपल्या वार्ताहराला मंत्रालयाचा पास मिळेल, असे सांगणारा कोणी भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे.

मग तिच्याकडे आहे काय? माझ्या मते तिचे सर्वांत भरवशाचे आणि सर्वांत कमी बोलले जाणारे काम एकच आहे, आणि ते उधारीचे आहे.

जाहिरातीचा धंदा उधारीवर चालतो. मुंबईतील एखादी एजन्सी साबणाच्या किंवा मोटारीच्या कंपनीसाठी देशभरातल्या साठ-सत्तर दैनिकांना एकाच दिवशी रिलीज ऑर्डर, म्हणजे जाहिरात छापण्याची लेखी मागणी, पाठवते. त्यांपैकी बहुतेक दैनिकांनी त्या एजन्सीचे कार्यालय पाहिलेलेही नसते. जाहिरात छापून येते, अंकाची प्रत आणि बिल जाते आणि मग वाट पाहणे सुरू होते. प्रत्येक दैनिकाने प्रत्येक एजन्सीची पत स्वतः तपासायची म्हटले तर ते अशक्य आहे. आणि न तपासता उधारी द्यायची तर आपल्याला आज आलेला अनुभव सर्वांनाच येत राहणार. या अडचणीवर संस्थेने जी व्यवस्था बसवली तिला मान्यता, किंवा बोलीभाषेत ‘अॅक्रेडिटेशन’ म्हणतात. एजन्सी संस्थेकडे अर्ज करते, आपली आर्थिक स्थिती आणि सदस्य पत्रांना दिलेला व्यवसाय दाखवते, ठरलेली हमी देते, आणि मान्यता मिळाली की सदस्य पत्रांकडून तिला दोन गोष्टी मिळतात: १५ टक्के कमिशन आणि सुमारे ६० दिवसांची उधारी. एक लाख रुपयांच्या जाहिरातीत एजन्सी १५ हजार ठेवून ८५ हजार आपल्याला देते, आणि ते ठरलेल्या मुदतीत देणे तिच्यावर बंधनकारक असते.

या व्यवस्थेचा खरा कणा पुढच्या मुद्द्यात आहे, आणि तो नव्या जाहिरात व्यवस्थापकांना मी नेहमी पहिल्या दिवशी सांगत असे. मान्यताप्राप्त एजन्सी वृत्तपत्रासमोर मध्यस्थ म्हणून नव्हे, तर स्वतः देणेकरी म्हणून उभी असते. ‘क्लायंटने अजून पैसे दिले नाहीत’ हे वाक्य तिने फोनवर कितीही वेळा म्हटले, तरी या नात्यात त्याला अर्थ नाही; क्लायंट बुडाला तरी बिल एजन्सीनेच भरायचे. कमिशन मिळते ते निव्वळ ऑर्डर आणून दिल्याबद्दल नाही, तर ही जोखीम अंगावर घेतल्याबद्दलही मिळते. मुदत टळली की सदस्य पत्र संस्थेकडे थकबाकी कळवते, संस्था एजन्सीला लिहिते, आणि तरीही पैसे आले नाहीत तर मान्यता स्थगित किंवा रद्द होऊन तसे परिपत्रक साऱ्या सदस्यांकडे जाते. त्या परिपत्रकानंतर देशभरातील मोठी दैनिके त्या एजन्सीकडून आगाऊ रक्कम मागू लागतात. न्यायालयाच्या समन्सला न घाबरणारी एजन्सी या परिपत्रकाला घाबरते, कारण समन्स एका वृत्तपत्राचे असते आणि परिपत्रकाने एकाच दिवसात सगळी दारे बंद होतात.

मी ज्या दैनिकात उमेदवारी केली ते तेव्हा सदस्य नव्हते. मुंबईच्या एका एजन्सीकडे आमची जी रक्कम अडकली होती ती त्या काळी महिन्याच्या पगारापेक्षा मोठी होती, आणि वर्षभर चकरा मारून हाती आल्या त्या फक्त तारखा. पुढे दुसऱ्या, सदस्य असलेल्या दैनिकात तशाच प्रसंगी मी संस्थेकडे थकबाकी कळवल्याची एक प्रत एजन्सीला पाठवली आणि तीन आठवड्यांत धनादेश आला. दोन्ही वेळा कागदपत्रे सारखीच होती. दुसऱ्या वेळी फक्त मागे उभे राहणारे कोणी होते.

अर्थात या व्यवस्थेला मर्यादाही आहेत. कायद्याच्या दृष्टीने ती मालकांचा आपापसांतील करार आहे, आणि स्पर्धा कायदा आल्यापासून कोणत्याही व्यापारी संघटनेने सामुदायिक बहिष्काराची किंवा दर ठरवण्याची भाषा करताना जपून बोलावे लागते. जाहिरातीचा दर संस्था ठरवत नाही, ठरवूही शकत नाही. दुसरे म्हणजे डिजिटल जाहिरातींचा मोठा हिस्सा या वर्तुळाच्या बाहेर फिरतो. तिसरी आणि सर्वांत जुनी मर्यादा आपल्यातलीच आहे: परिपत्रक आले तरी महिनाअखेरीचा आकडा गाठायचा म्हणून त्याच एजन्सीची ऑर्डर गुपचूप घेणारे सदस्य नेहमीच असतात. मीही एकदा वरिष्ठांच्या सांगण्यावरून ते केले आहे, आणि ते पैसेही बुडालेच.

दुसरे काम कागदाचे. आपल्या पत्राचा हिशेब मांडून पाहा. बारा पानांचा ब्रॉडशीट अंक साधारण ५० ग्रॅम भरतो. १८ हजार प्रतींना रोज ९०० किलो कागद लागतो. कागद किलोमागे पाच रुपयांनी महागला तर रोजचे साडेचार हजार आणि वर्षाचे सुमारे १६ लाख रुपये जातात, आणि अंकाची किंमत एक रुपयाने वाढवायची तर विक्रेते आणि वाचक दोघेही नाराज होतात. म्हणून दरवर्षी अर्थसंकल्पाआधी संस्थेचे निवेदन अर्थमंत्रालयात जाते आणि त्यात कागदावरील सीमाशुल्काचा मुद्दा असतोच. जुलै २०१९ च्या अर्थसंकल्पात आयात न्यूजप्रिंटवर १० टक्के शुल्क लागले, संस्थेने ते हटवण्याची मागणी सातत्याने लावून धरली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये ते ५ टक्क्यांवर आले. पूर्ण रद्द करा ही मागणी त्यानंतरही कायम राहिली. हे यश संस्थेचे म्हणावे की महसूल खात्याच्या हिशेबाचे, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही, पण एकेकट्या दैनिकाच्या पत्राला तिथे कोणी उत्तरही दिले नसते एवढे नक्की.

या प्रश्नात सदस्यांचे हितसंबंध सारखे नसतात हे मात्र आपण ध्यानात घ्यावे. रंगीत छपाईसाठी आयात कागद वापरणाऱ्या महानगरी दैनिकाला शुल्क थेट लागते. आपल्यासारखे पत्र बहुधा देशी गिरण्यांचा कागद घेत असेल आणि त्या गिरण्यांना आयातीवर शुल्क हवेच असते. खानदेशच्या सीमेपलीकडच्या, मध्य प्रदेशातील नेपानगरच्या कागद गिरणीपासून सगळ्या देशी गिरण्यांची बाजू वेगळी आहे. तरीही देशी कागदाचा भाव आयात भावाच्या सावलीतच चालतो, म्हणून संस्थेच्या मागणीचा लाभ आपल्यापर्यंत उशिरा का होईना पोहोचतो.

कागदावरचे सरकारी नियंत्रण हा केवळ पैशाचा विषय कधीच नव्हता. १९५६ च्या किंमत व पृष्ठ कायद्याखाली १९६० साली आदेश निघाला आणि किती पाने दिल्यास अंकाची किंमत किती ठेवावी हे सरकार ठरवू लागले. त्याला आव्हान दिले ते पुण्याच्या ‘सकाळ’ने. सात नये पैसे किमतीचा तो अंक एकतर महाग करावा लागला असता किंवा त्याची पाने कापावी लागली असती, आणि दोन्ही मार्गांनी खप घटला असता. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १९६१ मध्ये कायदा आणि आदेश दोन्ही घटनाबाह्य ठरवले. वृत्तपत्राचा खप हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, हे तत्त्व या निकालातून पक्के झाले. पुढे ऑक्टोबर १९७२ मध्ये दहा पानांची मर्यादा घालणारे न्यूजप्रिंट धोरणही ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या प्रकाशक कंपनीने लढलेल्या ‘बेनेट कोलमन’ खटल्यात रद्द झाले. कायद्याचे विद्यार्थी हे निकाल स्वातंत्र्याचे म्हणून वाचतात. व्यवस्थापकाने त्यांतून आणखी एक गोष्ट वाचावी: हे दोन्ही लढे वृत्तपत्र कंपन्यांनी स्वतःच्या नावावर लढले, कारण किंमत व पृष्ठ यांच्या तक्त्यावर प्रकाशकांमध्येच एकमत नव्हते. मोठ्या पत्रांनी जास्त पाने स्वस्तात देऊन आपल्याला गिळू नये म्हणून अनेक लहान भाषिक पत्रांना तो तक्ता हवाच होता, आणि पहिल्या प्रेस आयोगाची शिफारसही त्याच दिशेची होती. संघटना बलवान असते ती सर्वांचे हित एक असेल तोवर. लहान-मोठ्यांची वाट फुटली की तिच्या निवेदनातील वाक्ये गुळगुळीत होऊ लागतात. लहान व मध्यम वृत्तपत्रांच्या आणि भारतीय भाषांतील पत्रांच्या वेगळ्या संघटना निघाल्या त्या याच कारणाने.

सरकारी जाहिरातींचे दर हा तिसरा विषय. केंद्राच्या जाहिराती पूर्वी डीएव्हीपी या सरकारी जाहिरात विभागामार्फत येत, आता सेंट्रल ब्युरो ऑफ कम्युनिकेशनमार्फत येतात, आणि त्यांचा दर खपानुसार प्रति चौरस सेंटिमीटर ठरतो. तो वर्षानुवर्षे बदलत नाही. जानेवारी २०१९ मध्ये २५ टक्के वाढ झाली. त्यानंतर कोविड आला, कागद कडाडला, आणि पुढची वाढ, तीही २६ टक्के, थेट नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाली. एक लाख प्रतींच्या पत्रासाठी कृष्णधवल जाहिरातीचा दर तेव्हा ४७ रुपये ४० पैशांवरून ५९ रुपये ६८ पैसे झाला. दर संरचना समितीपुढे प्रकाशक संघटना आपले हिशेब मांडतात आणि आयएनएसची आकडेमोड तिथे उपयोगी पडते. आपले पत्र मात्र २५ हजारांच्या आत, म्हणजे ‘लहान’ गटात येते, आणि आपला खरा प्रश्न दराइतकाच ऑर्डर मिळण्याचा आहे. त्यासाठी, आणि राज्य सरकारच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाच्या जाहिरात यादीसाठी, राज्यपातळीवरच्या संघटना अधिक कामाच्या. दिल्लीहून जिल्हा माहिती अधिकाऱ्याला फोन येत नाही.

कोविडच्या टाळेबंदीतली, एप्रिल २०२० ची आठवण येथे सांगणे भाग आहे. महाराष्ट्र सरकारने अंक छापायला परवानगी दिली, पण घरोघर वाटप करायला मनाई केली. अंक छापून तयार आणि विक्रेते घरी बसलेले, असा तो विचित्र काळ होता. दिल्लीत संस्था कागदावरील शुल्क, करसवलत आणि सरकारी जाहिरातींच्या दरवाढीची निवेदने पाठवत होती. तो आदेश काही दिवसांतच बराचसा शिथिल झाला तो राज्यातील संपादक, मालक, विक्रेते यांच्या रेट्याने आणि उच्च न्यायालयाने घातलेल्या लक्षामुळे. राष्ट्रीय संघटनेच्या कामाची सीमा मला त्या आठवड्यात फार स्पष्ट दिसली.

आता एक अप्रिय भाग. पत्रकार आणि वृत्तपत्र कर्मचाऱ्यांचे पगार सुचवणाऱ्या वेतन मंडळांच्या बाबतीत ही संस्था मालकांच्या बाजूने उभी राहते आणि ते लपवण्याचे कारण नाही. मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी सरकारने ११ नोव्हेंबर २०११ रोजी अधिसूचित केल्या, त्यांना संस्थेचा जाहीर विरोध होता, आणि ७ फेब्रुवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या वैध ठरवल्या. शिफारशींची गणिते लहान पत्रांना झेपणारी नव्हती, हा संस्थेचा युक्तिवाद पूर्णपणे खोटा नव्हता. परंतु ज्या समूहांना त्या सहज झेपल्या असत्या, त्यांनी लहानांच्या आडून बाण मारले, हेही मी जवळून पाहिले आहे. आपल्या संपादकीय विभागाने संस्थेबद्दल नाक मुरडले तर रागावू नका. त्यांची स्मृती याच प्रकरणातून घडलेली आहे.

वाचकसंख्येच्या वादात मात्र संस्थेने सामुदायिक आवाजाचा नेमका उपयोग केला. इंडियन रीडरशिप सर्व्हे या वाचकसंख्या मोजणाऱ्या पाहणीचे २०१३ चे निष्कर्ष जानेवारी २०१४ मध्ये बाहेर आले आणि नागपुरात ६० हजारांहून अधिक प्रमाणित खप असलेल्या ‘हितवाद’ला एकही वाचक नसल्याचे त्यांतून दिसू लागले. अठरा वृत्तपत्र समूहांनी संयुक्त निवेदन काढून हे निष्कर्ष नाकारले, आणि आयएनएसनेही ते मागे घेण्याची मागणी केली. एकट्या नागपूरच्या दैनिकाने तक्रार केली असती तर एजन्सीच्या माध्यम नियोजकाने ‘पराभूताची रड’ म्हणून ती बाजूला ठेवली असती.

नव्या काळातील मोठी लढाई तंत्रज्ञान कंपन्यांशी आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये संस्थेने गुगलला पत्र लिहून जाहिरात उत्पन्नातील प्रकाशकांचा वाटा ८५ टक्क्यांपर्यंत नेण्याची आणि हिशेब पारदर्शक ठेवण्याची मागणी केली, आणि नंतर विषय स्पर्धा आयोगापुढेही गेला. तत्त्व म्हणून मला ही मागणी रास्त वाटते. पण आपल्या संकेतस्थळावर महिन्याला जे काही हजार रुपये येतात, त्यांत या लढाईने लवकर फरक पडेल असे समजून सदस्य होऊ नये.

आता आपल्या निर्णयाकडे वळतो. आठ महिन्यांची जी बाकी आहे ती सदस्यत्व घेतल्याने वसूल होईल, ही आशा सोडा. आग लागल्यावर विमा उतरवता येत नाही. त्यासाठी रिलीज ऑर्डर, छापील अंकांच्या प्रती, बिले आणि पोच एकत्र करून वकिलामार्फत नोटीस द्या. अशा देण्यासाठी दावा लावायला तीन वर्षांची मुदत असते, तेव्हा पहिल्या बिलाची तारीख आजच तपासा. आपली उद्यम नोंदणी असेल तर लघुउद्योगांच्या विलंबित देयकांच्या तरतुदीखाली दाद मागता येईल का, तेही वकिलाला विचारा. शिवाय त्या एजन्सीच्या लेटरहेडवर ‘आयएनएस मान्यताप्राप्त’ असे छापलेले असेल तर ती मान्यता आज चालू आहे का, आणि ज्या नावाने ऑर्डर आली त्याच नावाला आहे का, याची खात्री करून घ्या. एका नावाने मान्यता घ्यायची आणि भगिनी कंपनीच्या नावाने ऑर्डर पाठवायची, हा या व्यवसायातला जुना खेळ आहे, आणि आपण बिल करताना नाव नीट न पाहिल्यास त्यात आपण आपल्या सहीने सामील होतो.

सदस्यत्वाचे गणित मी असे मांडीन. आपल्या जाहिरात उत्पन्नात मुंबई-दिल्लीच्या एजन्सींमार्फत येणाऱ्या राष्ट्रीय जाहिरातींचा वाटा किती, हे मागच्या तीन वर्षांच्या खातेवहीतून काढा. तो पाचव्या हिश्श्याहून मोठा असेल, किंवा पुढे तसा करायचा आपला विचार असेल, तर अर्ज करावा; वार्षिक वर्गणी एका बुडीत बिलापेक्षा जास्त नसेल. उत्पन्न मुख्यतः स्थानिक दुकाने, वाढदिवसाच्या शुभेच्छा, निधनवार्ता आणि जिल्हा परिषदेच्या निविदा यांवर चालत असेल, तर पैसा आधी राज्यपातळीच्या संघटनेत आणि खपाच्या लेखापरीक्षणात घाला. अर्जाला नोंदणीचे प्रमाणपत्र, नियमित प्रकाशनाचा पुरावा आणि खपाचा विश्वासार्ह दाखला लागतो, आणि तिसऱ्या कागदावर जिल्हा दैनिकांचे अर्ज अडतात, कारण सरकारी जाहिरातीसाठी सांगितलेला खप, एजन्सीला सांगितलेला खप आणि कागदाच्या बिलातून निघणारा खप हे तीन आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. आपण सांगितलेले १८ हजार यांपैकी कोणत्या कागदावरचे आहेत, हे मला कळवलेत तर अर्जाची तयारी कुठून सुरू करायची ते सांगता येईल.